वर जाताना अडतो की खाली येताना? नागपुरातल्या एका बूम बॅरिअरचं प्रकरण

तक्रार तीन शब्दांची होती: "गेट मधेच अटकते." बेसा भागातली मध्यम आकाराची सोसायटी, मुख्य प्रवेशावर मोटरवर चालणारा बूम बॅरिअर, म्हणजे वर उचलला जाणारा आडवा दांडा. मार्चअखेरीस तक्रार सुरू झाली आणि मे लागेपर्यंत रोजची झाली. दरम्यान एका मेकॅनिकने कंट्रोल कार्ड बदललं. मग कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग, बदलला. मग रिमोटचा रिसिव्हर बदलला. प्रत्येक वेळी चार-दोन दिवस बरे गेले आणि दांडा पुन्हा अर्ध्यावर. शेवटी "मोटरच गेली, पूर्ण बॅरिअर नवीन घ्या" असं कोटेशन आलं, तेव्हा कमिटीत दोन तट पडले आणि मला बोलावणं आलं.

चार-दोन दिवस का बरे जात, हेही नंतर कळलं. मेकॅनिक सकाळी यायचा. काम होईपर्यंत बॅरिअर बंद, मोटर गार. पुढे शनिवार-रविवार आला की वाहनांची ये-जा विखुरलेली. सोमवारी संध्याकाळी मूळ स्वभाव परत.

मी गेलो तेव्हा दांडा व्यवस्थित चालत होता. वॉचमन काका म्हणाले, "सकाळी बराबर चालते जी. संध्याकाळी काहून अडते ते देवाले माहीत." नागपुरात मे महिन्यात कुठलीही वस्तू बिघडली की दोष उन्हाला देऊन मोकळं होता येतं आणि बहुतेकदा ते खरंही असतं. पण नुसत्या उन्हाने बिघडणारी गोष्ट दुपारी तीन-चारला सर्वात जास्त बिघडायला हवी. इथे तसं नव्हतं.

वाहनांची वही

बॅरिअरची पेटी मी लगेच उघडली नाही. आधी गेटवरची वही मागितली. बाहेरच्या गाड्यांचा नंबर, वेळ, फ्लॅट असं त्यात लिहिलेलं असतं. काकांना चांगली सवय होती: गेट अडलं की समासात "गेट बंद" आणि पुन्हा चाललं की "चालू", दोन्ही वेळांसह. सगळ्या घालमेलीत ही वही कोणी पाहिलीच नव्हती.

एप्रिलच्या नोंदी साधारण दोन वेळांना येत होत्या. एक दुपारी एक ते दोन, शाळेच्या व्हॅन परततात तेव्हा. दुसरी संध्याकाळी साडेसहा ते आठ, ऑफिसमधून लोक येतात तेव्हा. भर उन्हात तीन-चारला जवळजवळ एकही नोंद नाही, कारण त्या वेळी नागपुरात कोणी बाहेर पडत नाही. रविवार कोरे. म्हणजे नुसती उष्णता नाही. उष्णता आणि लागोपाठच्या फेऱ्या एकत्र आल्या की दांडा अडतो. "बंद" ते "चालू" यांत वीस मिनिटं ते अर्धा तास जात होता.

मेच्या मध्यापासून मात्र वहीत तिसऱ्या प्रकारची नोंद दिसू लागली. रोज सव्वासहाच्या सुमारास बंद, पावणेसातला चालू, रविवारीसुद्धा. वाहनं कमी असोत की जास्त, वेळ ठरलेली.

काकांना विचारलं, "या सव्वासहाच्या वेळी दांडा कुठे अडतो?"

"तेव्हा वरतेच राहते ना जी. खालीच येत नाही."

"आणि दुपारी?"

"दुपारी वर जाता जाता अर्ध्यात थांबते."

इथे अर्धं प्रकरण सुटलं. दांडा वर जाताना थांबणं आणि वरून खाली न येणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. दोन्ही साधारण अर्ध्या तासाने आपोआप बरी होत होती, म्हणून सगळ्यांनी एकाच नावाखाली घातली. दोन वेगवेगळ्या बिघाडांवर एकच उपाय शोधत बसलं की कार्ड बदलण्यापलीकडे काही सुचत नाही, कारण सगळ्याशी जोडलेला भाग तेवढा एकच असतो.

पहिला बिघाड: वर जाताना

बूम बॅरिअर आतून साधा असतो. मोटर, तिला लागून वर्म गिअरबॉक्स, त्यातून निघालेली लिव्हर, लिव्हरच्या एका टोकाला दांड्याचा शाफ्ट आणि दुसऱ्या बाजूला ताणलेली जाड स्प्रिंग. दांड्याचं वजन मोटर उचलते असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर वजन स्प्रिंग तोलते. मोटरने त्या तोललेल्या दांड्याला फक्त इकडून तिकडे ढकलायचं असतं. म्हणूनच एवढ्याशा मोटरवर एवढा लांब दांडा चालतो.

वर जाताना मधेच थांबण्याची कारणं बरीच असतात, पण प्रत्येकाची खूण वेगळी. लिमिट स्विच, म्हणजे दांडा कुठे थांबायचा ते ठरवणारा स्विच, सरकला असेल तर दांडा दर वेळी त्याच जागी थांबतो. कपॅसिटर उतरला असेल तर मोटर गुणगुणते, हलत नाही, हाताने जरा ढकललं की निघते. कार्डमध्ये मोटर किती सेकंद चालू ठेवायची याची मर्यादा असते. दांडा संथ झाला असेल तर ती वेळ संपून तो जवळपास त्याच कोनात थांबतो. इथे थांबण्याची जागा दर वेळी वेगळी होती आणि थांबल्यावर मोटर एकदम गप्प. बटण दाबलं की कार्डवरचा रिले, म्हणजे मोटरला वीज जोडणारा छोटा स्विच, टक् वाजतो, पुढे काही नाही. रिले वाजतो, मोटरपर्यंत व्होल्टेज पोचतं, तरी करंट शून्य, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळीतला थर्मल प्रोटेक्टर उघडलाय. गुंडाळी ठरावीक तापमानाच्या वर गेली की तो सर्किट तोडतो आणि गार झाली की आपोआप जोडतो. वहीतला अर्धा तास हाच. वर्म गिअरबॉक्स उलटा फिरत नाही, म्हणून दांडा खाली न पडता हवेत लटकून राहतो.

मोटर तापते हे तर मेकॅनिकनेही सांगितलं होतं. ती का तापते, हे कोणी विचारलं नव्हतं.

एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, खाली केला, दांड्याखालून माणसं आणि गाड्या बाजूला केल्या, आणि हॅण्ड रिलीजच्या चावीने दांडा मोटरपासून सोडवला, म्हणजे तो हाताने हलवता येतो. तोल बरोबर असेल तर अशा मोकळ्या दांड्याला 45 अंशांवर नेऊन सोडलं की तो तिथेच थांबायला हवा. हा दांडा थांबला नाही. हातातून सुटून धाडकन आडवा झाला. मग भंगारवाल्याकडे असतो तसला लटकता काटा टोकाला अडकवून दांडा उचलून पाहिला. काटा जवळपास दोन किलोवर आला.

दोन किलो ऐकून सचिव काका हसले. "भाऊ, दोन किलोने मोटर जळते का?" टोकाचे दोन किलो म्हणजे शाफ्टपासून पाच मीटरवरचे दोन किलो, शाफ्टवर तो भार दहा किलोग्रॅम-मीटर होतो. पाच मीटर लांब पान्याच्या टोकाला दोन किलो लटकवून नट फिरवण्यासारखं ते आहे, आणि हे प्रत्येक गाडीला.

भार आला कुठून, याचं उत्तर कमिटीच्या फाइलमध्येच होतं. गेल्या दिवाळीआधी आत येणारा रस्ता रुंद केला होता, अग्निशमन दलाची गाडी सहज वळावी म्हणून. काम योग्यच. पण त्यासोबत साडेतीन मीटरचा दांडा काढून पाच मीटरचा बसवला आणि आतली स्प्रिंग तीच राहू दिली. ॲल्युमिनियमचा हा दांडा मीटरमागे साधारण सव्वा किलोच्या आत भरतो. जुना सुमारे 4.2 किलो, त्याचा मध्य 1.75 मीटरवर, भार 7.35 किलोग्रॅम-मीटर. नवा 6 किलो, मध्य 2.5 मीटरवर, भार 15. लांबी दीडपटीलाही पोचली नाही, भार मात्र दुप्पट झाला, कारण लांबीबरोबर वजनही वाढतं आणि ते वजन लांबही जातं. त्यावर एलईडीची पट्टी आणि मध्यभागी "थांबा"ची पत्र्याची पाटी, मिळून पाऊण किलोच्या वर. त्यांचा भार आणखी दोन किलोग्रॅम-मीटर. एकूण सतरा, त्यातले सात स्प्रिंग तोलणार, उरलेले दहा मोटरच्या बोकांडी. काट्याने दाखवलेले दहा आणि हिशेबातले दहा जुळले तेव्हा दुसरं काही शोधायची गरज उरली नाही. बॅरिअर बनवणारे दांड्याच्या लांबीप्रमाणे वेगळी स्प्रिंग देतात ती याचसाठी. दांडा बदलणाऱ्याने ती मागवली नाही आणि कमिटीला विचारायचं सुचलं नाही.

मग हिवाळाभर चाललं कसं? प्रोटेक्टर साधारण 130 अंशांचा धरू. मेमध्ये बाहेर 45 असताना पेटीच्या आत सावलीत लावलेला थर्मामीटर 58 दाखवत होता. गुंडाळीला तापायला 72 अंशांची मुभा. डिसेंबरच्या दुपारी पेटीत फार तर 36-37, म्हणजे मुभा नव्वदीच्या पुढे. जादा भार तेव्हाही होता, फक्त लागोपाठच्या फेऱ्यांनी तेवढी मजल गाठली जात नव्हती. उन्हाने बिघाड केला नाही, असलेला उघडा पाडला.

थर्मामीटर सावलीत लावला हे मुद्दाम लिहितोय. 30 मे 2024 रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंशांची नोंद केली आणि देशभर बातमी झाली; नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. तेव्हापासून कुठल्याही आकड्याला आधी "तू कुठून आलास?" असं विचारायची नागपूरकरांना चांगलीच सवय लागली आहे. पेटीच्या पत्र्याला टेकवलेला थर्मामीटर पत्र्याचं तापमान सांगतो, मोटरच्या आजूबाजूच्या हवेचं नाही.

व्होल्टेजही मोजलं. मीटर रूममध्ये 228, गेटवर संध्याकाळी 213. पंधरा व्होल्ट वाटेत गेले. गेटपर्यंतची केबल दीड स्क्वेअर एमएमची, अंतर नव्वद मीटर. जाऊन-येऊन रोध सव्वादोन ओहमच्या आसपास. त्याच केबलवर वॉचमनच्या केबिनचा कूलर, दिवे आणि कोणीतरी नंतर जोडलेला बागेचा एक एचपीचा पंप. पंप संध्याकाळी चालतो, म्हणजे नेमका गर्दीच्या वेळी. अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो, त्यामुळे 228 चे 213 झाले की जोर साधारण 13 टक्क्यांनी उतरतो. हे मुख्य कारण नव्हतं. नुसतं एवढंच असतं तर दांडा चालत राहिला असता. पण आधीच ओझ्याखाली दबलेल्या मोटरला ते पुरेसं जड होतं.

पेटी उघडली आणि आणखी एक गोष्ट दिसली. अर्थिंगची तार टर्मिनलपर्यंत आली होती, पेटीला जोडलेलीच नव्हती. लोखंडी पेटी, उघड्यावर, वॉचमन दिवसातून कितीदा तरी तिला हात लावणार, आणि तोंडावर पावसाळा. तक्रारीशी याचा काही संबंध नाही, पण बाकी सगळं थांबवून ती आधी जोडली.

दुसरा बिघाड: खाली येताना

याला फार वेळ लागला नाही. दांड्याखाली गाडी असताना तो खाली येऊ नये म्हणून लेनच्या दोन्ही बाजूंना फोटोसेल असतो: एकीकडून अवरक्त किरण सुटतो, समोरचा रिसिव्हर तो पकडतो. किरण तुटला की कार्ड समजतं, खाली काहीतरी आहे, आणि दांडा वरच ठेवतं. किरण तुटल्यासारखं वाटायला खरोखर गाडीच हवी असं नाही. रिसिव्हरच्या डोळ्यात थेट सूर्य गेला तरी तो आंधळा होतो आणि कार्डपर्यंत तोच निरोप जातो.

इथला रिसिव्हर पश्चिमेला तोंड करून, पण नेमका पश्चिमेला नाही, जरा उत्तरेकडे वळलेला. मेच्या शेवटी नागपुरात सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला कलून मावळतो. त्यामुळे सव्वासहानंतर मावळतीपर्यंत तो थेट त्या भिंगात उतरत होता, आणि हिवाळ्यात तो दक्षिणेकडे मावळत असल्याने तेव्हा कोणाला काही जाणवलं नव्हतं.

खात्री करायला यंत्र लागलं नाही. संध्याकाळी साडेसहाला दांडा वर ताटकळत उभा, मागे गाड्यांचे हॉर्न. काकांना म्हटलं, टोपी काढा आणि भिंगाच्या वरच्या बाजूला अशी धरा, की त्यावर सावली पडेल पण समोरचा किरण अडणार नाही. टोपी धरली, दांडा खाली आला. टोपी काढली, पुढच्या गाडीनंतर दांडा पुन्हा वर अडकला. एक काकू स्कूटीवर थांबल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, मग एवढ्यासाठी कार्ड बदललं?" कोणी उत्तर दिलं नाही.

काय केलं

फोटोसेलची अदलाबदल केली. किरण सोडणारा डबा रिसिव्हरच्या जागी, रिसिव्हर त्याच्या जागी. आता रिसिव्हरचं तोंड पूर्वेकडे. सकाळचं ऊन त्यात जाऊ शकतं, पण त्या बाजूला सोसायटीचीच उंच इमारत आहे. शिवाय दोन्ही डब्यांना छोट्या पाइपचं टोपण बसवलं. खर्च नगण्य.

पाच मीटरच्या दांड्यासाठीची स्प्रिंग बनवणाऱ्याकडूनच मागवली. स्प्रिंग बदलण्याचं काम वरवर सोपं दिसतं आणि त्यात हात गमावणारे आहेत. दांडा आडवा असताना स्प्रिंग पूर्ण ताणलेली असते. अशा वेळी दांडा काढला तर तोलाला काही उरत नाही आणि लिव्हर जीव खाऊन उसळते. बहुतेक बॅरिअरमध्ये दांडा उभा असताना स्प्रिंग सर्वात सैल असते. काम त्याच स्थितीत, वीज बंद करून, दांडा बांधून. बाजारातून अंदाजाने जाड स्प्रिंग आणून बसवू, असा एक प्रस्ताव कमिटीत आला होता. लोहा ओळीत, म्हणजे लोखंडी सामानाच्या बाजारात, स्प्रिंग मिळेलही, पण तिचा जोर किती हे मोजणार कोण? जास्त जोराची बसली तर उलट दुखणं: दांडा खाली दाबायला मोटर तापेल आणि रिलीज केल्यावर तो पडायच्या ऐवजी वर उसळेल.

पत्र्याची पाटी दांड्यावरून काढून बाजूच्या खांबावर लावली. यावर बरीच वादावादी झाली, कारण पाटी एका सभासदाने स्वखर्चाने दिली होती.

नवी स्प्रिंग बसवून ताण जुळवला. 45 अंशांवर दांडा सोडला, थांबला. एका बोटाने वर जाऊ लागला. क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) वर जातानाचा करंट आधी 1.3 अँपियर होता, मोटरच्या प्लेटवर छापलेला 0.9. आता 0.8, आणि वर जाताना व खाली येताना जवळपास सारखा. दोन्ही दिशांचा करंट सारखा असणं ही तोल बरोबर असल्याची माझ्या मते सर्वात भरवशाची खूण. कोणत्याही बॅरिअरच्या वार्षिक तपासणीत हे दोन आकडे लिहून ठेवले तर पुढच्याचं निम्मं काम होतं.

बागेचा पंप गेटच्या केबलवरून काढून वेगळा केला आणि गेटला चार स्क्वेअर एमएमची केबल टाकली. पेटीवर चार बोटं अंतर ठेवून पांढरा पत्रा, म्हणजे ऊन पत्र्यावर आणि मधून हवा. दुपारी आतलं तापमान पन्नाशीच्या खाली उतरलं.

हॅण्ड रिलीजबद्दल वॉचमन काकांना आणि रात्रपाळीच्या मुलाला वेगळं बसवून सांगितलं. दांडा अर्ध्यात अडला की ते चावी फिरवून तो सोडवत असत, आणि तोल नसलेला दांडा कोसळायचा. एप्रिलमध्ये एका दुचाकीचा आरसा त्यात फुटला होता. डोकं असतं तर प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये गेलं असतं. आता तोल आहे, तरी क्रम तोच ठेवायला सांगितलं: आधी एमसीबी खाली, मग दोन्हीकडच्या गाड्या थांबवायच्या, मग एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने चावी.

पुढच्या सोमवारी, नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू असताना, मी मुद्दाम संध्याकाळी सहा ते आठ तिथे बसलो. मनीषनगरच्या जुन्या रेल्वे फाटकावर ज्यांनी वर्षं काढली त्यांना साचलेल्या गाड्यांची रांग नवीन नाही. इथे रांग झाली ती फक्त एक टँकर वळताना. मोटरला हात लावून पाहिला, गरम होती पण हात ठेवता येत होता. समासात त्या दिवसाची नोंद नव्हती. नंतर जून महिन्याची वही मागवून पाहिली, तर एकच "गेट बंद" सापडलं, तेही वीज गेली तेव्हाचं.

सभेत गणपतीच्या दिवसांत दांड्यावर फ्लेक्स लावायचा विषय निघालाच. टोकाजवळ अर्धा किलोचा फ्लेक्स म्हणजे शाफ्टवर अडीच किलोग्रॅम-मीटर, शिवाय वारा. हे मी कागदावर लिहून दिलं आणि सचिव काकांनी तो कागद केबिनच्या काचेला आतून चिकटवला. काढून टाकलेलं मूळ कंट्रोल कार्ड मी टेबलावर जोडून तपासलं. त्याला काहीही झालेलं नव्हतं. ते आता ऑफिसच्या कपाटात आहे, वर हाताने लिहिलंय: "चांगले आहे, फेकू नये."